तिकीट काढून भुतं बघायला

‘‘आई, पुढच्या शनिवारी पुण्याला ये. रात्री भुतं बघायला जायचंय. तुझंही तिकीट काढून ठेवलंय मी!’’

लेकीचा फोन आला तेव्हा मी भिजवलेले वाल सोलत बसले होते. हातातला वाल हातातच राहिला. भुतं बघायची, आणि तीही तिकीट काढून? मग तिने नीट समजावलं. घोस्ट वॉक म्हणतात म्हणे याला. दहा-पंधरा जणांनी रात्री जुन्या शहरातून पायी हिंडायचं, बरोबर एक गाइड असतो, तो जागोजागी थांबून तिथल्या भुताच्या गोष्टी सांगतो. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात तर १९७३ सालापासून हे चालू आहे. आता आपल्याकडेही हौशी मंडळी करतात. आमची लेक पुण्यात कंपनीत नोकरी करते. तिच्या ऑफिसातल्या दोघी-तिघी जाऊन आल्या होत्या.

तिकिटाची किंमत मी विचारली नाही. विचारली असती तर गेलेच नसते.

खरं सांगू का, आमच्या गणेशपुरीच्या परिसरात भुतं फुकट मिळतात. बाहेरगावच्या लोकांना आमचं गाव माहीत असतं ते नित्यानंद महाराजांच्या समाधीमुळे नाहीतर गरम पाण्याच्या कुंडांमुळे. पण तानसा नदीच्या काठाकाठाने राहणाऱ्या आम्हा बायकांना दुसराही नकाशा पाठ असतो. या पिंपळावर मुंजा आहे, त्या डोहात आसरा आहेत, अमक्या वळणावर चकवा लागतो, तमक्या वडाखाली समंध. माझ्या आजीकडे तर याचं पक्कं गणित होतं. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तर मुंजा. सवाष्ण गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर हडळ. लहानपणी मला या यादीची फक्त भीती वाटायची. पुढे शाळेत इतिहास शिकवायला लागल्यावर एक गंमत लक्षात आली. बाई मेल्यावरसुद्धा तिची ओळख नवरा होता की नव्हता, मूल झालं की नाही, यावरूनच!

आमच्या सासरी मात्र एक खास आमचं स्वतःचं भूत होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात नणंदेने बजावलं, ‘‘वहिनी, दिवेलागणीनंतर वाडीतल्या जुन्या विहिरीकडे जायचं नाही हं. तिथे ती असते.’’ ती म्हणजे कोण, तर ‘विहिरीवरची’. पुढून देखणी, पाठीमागून पोकळ, पाय उलटे आणि केस गुडघ्यापर्यंत मोकळे. काठावर बसून केस विंचरते आणि एकट्यादुकट्या बाईला हाक मारते. पुरुषांना मारत नाही. आमचे हे गावच्या नाटकाच्या तालमी संपवून रात्री बारा-बाराला त्याच वाटेने यायचे, त्यांना एकदाही दिसली नाही. आम्ही बायका मात्र साडेसातनंतर अंगण ओलांडत नव्हतो. आणि कबूल करते, माझी मुलं लहान असताना मीसुद्धा त्यांना ‘झोपा, नाहीतर विहिरीवरची येईल’ असं म्हणून झोपवलेलं आहे.

तर निघाले. सासूबाई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्यांना देवळं बघायला जाते म्हणून सांगावं असं मनात होतं, पण नातीने फोनवर सगळं आधीच सांगून टाकलेलं. त्या म्हणाल्या, ‘‘जा, पण केस बांधून जा. आणि मागून कुणी हाक मारली तर वळून बघू नकोस.’’ भिवंडीमार्गे कल्याण, कल्याणहून रेल्वे. संध्याकाळी पुण्यात पोहोचले तेव्हा पाय सुजले होते. म्हटलं, आता भूत दिसलं नाही तरी चालेल, बसायला बाकडं दिसू दे.

रात्री साडेआठला शनिवारवाड्यासमोर, बाजीरावांच्या घोड्यावरच्या पुतळ्यापाशी सगळे जमले. बहुतेक मंडळी पंचविशी-तिशीची. एक नवं लग्न झालेलं जोडपं, तीन-चार आयटीतली मुलं, हॉस्टेलवर राहणाऱ्या दोन मुली, आणि पन्नाशी उलटलेली मी एकटी. गाइड म्हणजे कॉलेजातलं वाटावं असं पोरगं. हातात टॉर्च, अंगात काळा कुर्ता. वाडा संध्याकाळी बंद होतो, त्यामुळे सगळं बाहेरूनच बघायचं होतं. दिल्ली दरवाजा, त्याचे ते हत्तींनी धडका देऊ नयेत म्हणून ठोकलेले अणकुचीदार खिळे, मग तटाच्या कडेकडेने चालत दक्षिणेकडचा नारायण दरवाजा. नऊ बुरुज, पाच दरवाजे. आतला सातमजली डौल १८२८ च्या आगीत गेला, उरली ती तटबंदी आणि जोती.

पोरगं गोष्ट रंगवून सांगत होतं. ‘‘अमावास्येच्या रात्री इथे आजही एक आवाज येतो...’’ असं म्हणून तो थांबला. सगळे चिडीचूप. तेवढ्यात मागून एका रिक्षावाल्याने असा काही हॉर्न मारला, की ती नवी नवरी किंचाळून नवऱ्याच्या अंगावरच पडली. हशा पिकला. मग त्याने तो आवाज काढून दाखवला: ‘काका, मला वाचवा!’

ही गोष्ट आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? नारायणराव पेशव्यांचा खून. मी वर्षानुवर्षं फळ्यापुढे उभं राहून ती शिकवली. म्हणून तर गाइड टॉर्च विझवून काळोख्या रात्रीचं वर्णन करायला लागला, तेव्हा माझ्यातली बाई, म्हणजे शाळेतली बाई, जागी झाली. ‘‘अरे बाळा,’’ म्हटलं, ‘‘खून रात्री नाही झाला. दुपारी झाला.’’

लेकीने माझा पदर ओढला. पण आता सुरुवात झालीच होती. ३० ऑगस्ट १७७३, सोमवार. गणपतीचे दिवस. नारायणराव सकाळी पर्वतीला जाऊन आले होते आणि जेवून पडले होते. दुपारी एकच्या सुमारास पगार थकल्याची ओरड करत गारदी वाड्यात घुसले. सुमेरसिंग गारदी त्यांचा म्होरक्या. नारायणराव काकांकडे, म्हणजे त्याच वाड्यात नजरकैदेत असलेल्या रघुनाथरावांकडे धावले. वय अठरा पूर्ण होऊन वीस दिवस. आपल्या घरातलं बारावीनंतरचं मूल डोळ्यांसमोर आणा! भर दुपारी, माणसांनी भरलेल्या वाड्यात हे घडलं. काळोख नव्हता, आडबाजू नव्हती.

पोरगं गोड होतं. रागावलं नाही. उलट म्हणालं, ‘‘काकू, तुम्हीच सांगा ना पुढचं.’’ मग काय!

पुढचं मी जे सांगितलं, ते भुताच्या गोष्टीत कधी येत नाही. त्या दुपारी नारायणराव एकटेच नाही गेले. अर्ध्या तासात अकरा माणसं मारली गेली. धन्याला वाचवायला त्यांच्या अंगावर पडलेला चापाजी टिळेकर त्यात होता. आणि दोन दासी होत्या. त्या दोघींची नावं सांगणारा मला अजून कुणी भेटलेला नाही. त्या कोण होत्या, कुठल्या गावच्या, कुणाची पोरं मागे सोडून गेल्या? अडीचशे वर्षं लोक शनिवारवाड्याबाहेर कान लावून एकाच हाकेची वाट बघतायत. त्या दोघीही ओरडल्याच असतील की. पण त्यांचं भूतसुद्धा झालं नाही.

हॉस्टेलवरच्या मुलींपैकी एकीने विचारलं, ‘‘पण हे सगळं आनंदीबाईने केलं ना? ध चा मा?’’ बघा, बाकी काही ठाऊक नसलं तरी एवढं ठाऊक असतंच. ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं म्हणतात. रघुनाथरावांच्या या बायकोवर संशय होताच. पण अक्षर बदललेला तो कागद आजवर कुणी बघितलेला नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून बोट ठेवलं ते रघुनाथरावांवर. खून झाल्यावर पेशवेपदावर बसले तेही रघुनाथरावच. वाक्प्रचारात मात्र आनंदीबाई अडकली, ती कायमची. कुणी कागदपत्रात खाडाखोड केली, की तो माणूस पुरुष का असेना, नाव निघतं तिचं.

आणि जी खरोखर जिवंतपणी भुतासारखी हिंडली ती गंगाबाई, नारायणरावांची विधवा, ती कुणालाच आठवत नाही. खून झाला तेव्हा तिला दिवस गेले होते. बारभाईंनी तिला पुरंदरावर नेऊन जपलं, कारण तिच्या पोटात दौलतीचा वारस होता. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला, तोच सवाई माधवराव. चाळीस दिवसांचं तान्हं बाळ पेशवा झालं. त्यानंतर तीन वर्षांतच, १७७७ मध्ये, गंगाबाईही गेली.

आम्ही चालत चालत पुन्हा वाड्याच्या पुढच्या अंगाला आलो होतो. भेळेच्या गाड्या आवरत होत्या. गाइडने पुढची गोष्ट काढली, ती याच सवाई माधवरावांची. ऑक्टोबर १७९५. वय एकवीस. याच वाड्यात ते वरच्या मजल्यावरून हजारी कारंजाजवळ पडले आणि दोन दिवसांनी गेले. पोरगं म्हणालं, ‘‘ते पडले की त्यांनी उडी मारली? इतिहासकारांचं आजही यावर एकमत नाही.’’

त्या वाक्याला मी थबकलेच. कारण हा प्रश्न मला ओळखीचा होता. पडली की उडी मारली?

आमची ती ‘विहिरीवरची’. ती कोण होती, हे मला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कळलं. एका वर्षश्राद्धाच्या स्वयंपाकात जुन्या बायका हळू आवाजात बोलत होत्या, ते कानावर आलं. ती आमच्याच घरातली होती. सासूबाईंची चुलत जाऊ. तिसरी मुलगी झाल्यावर सहा महिन्यांनी ती दिवेलागणीला पाण्याला गेली आणि परत आली नाही. साल असेल १९६८-६९. ‘पाय घसरला’ म्हणाले. पंचनाम्यातही तेच लिहिलं गेलं. वर्षाच्या आत दीरांनी दुसरं लग्न केलं, आणि त्यानंतर कधीतरी विहिरीवर केस विंचरणारी कुणीतरी दिसायला लागली. सवाई माधवराव पडले की त्यांनी उडी मारली, यावर दोनशे वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. आमच्या घरातल्या बाईचा निकाल अर्ध्या तासात लागला. विचारायचं कुणी? ज्यांनी विचारायला हवं होतं, ते तिन्हीसांजेला दारं लावून आत बसले. म्हणजे आम्हीच.

लेक म्हणाली, ‘‘आई, काय झालं? भ्यायलीस की काय?’’ म्हटलं, ‘‘हो.’’

वॉकचा शेवट होता ओंकारेश्वराच्या देवळापाशी, नदीकाठी. तिथे चिमाजी अप्पांची समाधी आहे, आणि इथे मी एकदम माहेरी आल्यासारखी झाले. अप्पा आमचेच की! वसईच्या स्वारीवर जाताना त्यांनी वज्रेश्वरीला नवस केला, १७३९ मध्ये वसई घेतली आणि देवीचं किल्ल्यासारखं देऊळ बांधून दिलं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या देवळाच्या पायऱ्या मी शेकडो वेळा चढले असेन. पण ते देऊळ बांधणारा माणूस पुण्यात कुठे विसावला आहे, ते बघायला भुतांची वाट धरावी लागली. १७४० च्या डिसेंबरात अप्पा गेले, तेव्हा त्यांची पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेली. बत्तीस वर्षांनी थेऊरला थोरल्या माधवरावांच्या मागे रमाबाई सती गेली. त्यांच्यापुढे आपण हात जोडतो. विहिरीत गेलेलीचं नाव घेताना अंगाऱ्याचं बोट लावतो. अग्नीत गेली तर देवी, पाण्यात गेली तर हडळ. माझ्या आजीच्या गणितात हे कलम राहून गेलं होतं.

वॉक संपला. मुलांनी गाइडबरोबर फोटो काढले. मलाही मध्ये उभं केलं. घड्याळात साडेदहा वाजून गेले होते. लेक म्हणाली, ‘‘आई, दोन मिनिटं चल, एक जागा दाखवते. ही त्यांच्या यादीत नाही.’’

देवळाजवळच मुठा नदीवरचा पूल आहे, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या नावाचा. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना इथेच गोळ्या घातल्या. तीही वेळ उजेडाचीच होती. भूत-भानामतीच्या नावाखाली माणसांचे हाल होऊ नयेत म्हणून एक कायदा व्हावा, यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले. त्यांच्या खुनानंतर त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. २०२४ च्या मे महिन्यात दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप झाली. तो कायदा मैत्रिणींनो, जरूर माहीत करून घ्या. भूत उतरवतो म्हणून एखाद्याला साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साप चावलेल्याला दवाखान्यात नेऊ न देता मंत्र घालत बसणं, हेही त्यात येतं. मिरचीची धुरी मी लहानपणी शेजारच्या घरात पाहिलेली आहे. ती नवी सून होती, ‘धरली’ होती म्हणे. तिचं खोकणं आमच्या पडवीपर्यंत ऐकू येत होतं. बघायला गर्दी होती, आणि त्या गर्दीत परकराचा ओचा धरून मीही होते.

पुलावर वारा छान होता. आम्ही दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिलो. एवढ्या रात्री, काही कामाशिवाय, नुसतं उभं राहण्यासाठी मी रस्त्यावर आले ती आयुष्यात पहिल्यांदाच. केस बांधलेले होते, पण मागून कुणी हाक मारली असती तर मी खुशाल वळून बघितलं असतं.

सोमवारी घरी परतले. संध्याकाळी सासूबाईंना चहा दिला. त्यांनी विचारलंच, ‘‘बघितलीस का भुतं?’’ मी पुतळ्यापासून पुलापर्यंत सगळं सांगितलं. त्या दोन दासींचंही सांगितलं. त्या बशीत चहा ओतून ऐकत राहिल्या. मग मी धीर केला. इतक्या वर्षांत केला नव्हता.

‘‘आई, आपल्या विहिरीवरचीचं नाव काय होतं हो?’’

त्यांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं, रागावल्या. बराच वेळ बोलल्या नाहीत. बाहेर रातकिडे सुरू झाले होते. मग त्यांनी नाव सांगितलं. सासरचं सांगितलं, आणि पाठोपाठ माहेरचंही. इथे मी ते लिहीत नाही, कारण तिच्या मुली आपापल्या घरी नातवंडांत आहेत आणि लिहायचं की नाही हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे. पण नाव सांगितल्यावर सासूबाई थांबल्याच नाहीत. ती भाकरी किती पातळ थापायची. ओव्या म्हणताना मधेच शब्द विसरून स्वतःच हसायची. तिसऱ्या खेपेलाही मुलगी झाली तेव्हा घरात तीन दिवस तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. ‘‘मीसुद्धा नाही बोलले,’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘मला माझ्या सासूची भीती.’’

मी गप्प बसले.

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, ‘‘आणि ते केसांचं. गुडघ्यापर्यंत मोकळे केस म्हणे! लोकांना काय, काहीही दिसतं. अगं, त्या बाळंतपणाआधी तिला विषमज्वर झाला होता. डोक्यावर केस कुठे राहिले होते बिचारीच्या? सुपारीएवढा अंबाडा यायचा. माझ्याकडे येऊन म्हणायची, वहिनी, जरा तुमचं गंगावन द्या ना, हळदीकुंकवाला जायचंय.’’

‘‘मग द्यायचात?’’

‘‘द्यायचे की. अजून आहे ते माझ्या ट्रंकेत.’’